नोटपॅड प्लस प्लसमध्ये स्क्रिप्टने शब्द रंगवणे : वापरानंतरचा अनुभव

चतुर्थीच्या स्मरणिकांपासून शिगम्याच्या पत्रकांपर्यंत, म्हापशातल्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईचा मजकूर मांडण्याच्या) कामात ही सोय, म्हणजे नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमध्ये छोट्या प्रोग्रॅमने (स्क्रिप्टने) शंकास्पद शब्द रंगवून दाखवणं, रोज वापरून झाली आहे. गोव्यातल्या मराठी मजकुरात कोंकणी वळण सहज उतरतं : 'आणि'ऐवजी 'आनी', 'घरात'ऐवजी 'घरांत'. पण 'घरांत' मराठीत अनेकवचनही असतं, आणि त्याच साच्यात 'प्रांत', 'वृत्तांत', 'शांत' हेही सापडतात. म्हणून 'रिप्लेस ऑल'च्या वाटेला जाऊच नये. शब्द रंगवावेत, काय ठेवायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

एखाददुसरं नाव तपासायला एडिटरचे स्वतःचे पाच रंग पुरेसे आहेत. शब्दांची यादी असेल तर प्लगइन्स ॲडमिनमधून 'पायथन स्क्रिप्ट' हे प्लगइन (पायथन भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणारं जोडसाधन) घ्यावं. स्क्रिप्ट लिहून प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ती मेन्यू आयटम्समध्ये टाकायची, एडिटर बंद करून उघडायचा, मग शॉर्टकट मॅपरच्या प्लगइन कमांड्समध्ये तिला की द्यायची. इंडिकेटर, म्हणजे रंगाच्या खुणेचा क्रमांक, ९ ते २० मधला निवडा. ८ लिंकसाठी आणि २१ ते २५ त्या पाच रंगांसाठी राखीव आहेत. रंगाची अपारदर्शकता (अल्फा) मुळात ३० असते, त्यात रंग फारच फिका पडतो. ९० ठेवा आणि रंग अक्षरांखाली काढायला सांगा, म्हणजे वेलांट्या-मात्रा झाकल्या जात नाहीत.

खरी डोकेदुखी देवनागरीची. एडिटर जागा बाइटमध्ये मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. 'पणजी'ची चार चिन्हं म्हणजे १२ बाइट. पायथनने अक्षरांत मोजलेली जागा तशीच दिली, तर रंग भलत्याच ओळीवर चढतो. आधीचा मजकूर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून त्याची लांबी घ्यायची.

दुसरा घोळ शब्दसीमेचा, म्हणजे शब्द कुठे सुरू होतो आणि संपतो याचा. पायथनच्या रेगेक्सला (नमुना देऊन मजकूर शोधण्याच्या सोयीला) मात्रा हे अक्षर वाटत नाही. त्यामुळे 'सांग' शोधलं की सांगे तालुकाही रंगतो, आणि वेलांटीवर संपणारा सुटा 'आनी' सापडतच नाही. नेहमीची शब्दसीमा काढून लुकबिहाइंड-लुकअहेडने 'मागेपुढे देवनागरी चिन्ह नको' अशी अट घाला. देवनागरीचा युनिकोड पट्टा ०९०० ते ०९६३ आणि ०९७० ते ०९७एफ असा तोडून द्या. सलग दिला तर दंडाला (।) चिकटलेला शब्द गळतो.

'दऱ्या' दोन तऱ्हांनी टंकलेला येतो : एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला सारखे, पण पहिला १५ बाइट, दुसरा १८. यादीत दोन्ही रूपं हवीत. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने) हा फरक जात नाही.

स्क्रिप्ट पुन्हा चालवताना आधीच्या खुणा पुसणारी ओळ सुरुवातीलाच हवी, नाहीतर दुरुस्त केलेले शब्दही रंगलेलेच राहतात. स्प्लिट व्ह्यूत (एडिटरची खिडकी दोन भागांत उघडल्यावर) रंगाची मांडणी दोन्ही बाजूंना वेगवेगळी द्यावी लागते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली आधी रूपांतरित करा. आणि खुणा फाइलमध्ये साठत नाहीत, म्हणून प्रूफ दुसऱ्याकडे देताना स्क्रिप्ट आणि शब्दयादीही सोबत द्या.