मल्टिचॅनेल पॉवर अ‍ॅम्प घ्यावा का? दिवाळीपासूनच्या वापरानंतरचा अनुभव

डेनॉनच्या एव्हीआर-एक्स 3800 एच या होम थिएटर रिसीव्हरला मी गेल्या दिवाळीत मरांट्झचा एमएम 8077 हा सात चॅनेलचा (एका स्पीकरला एक चॅनेल), फक्त स्पीकरना ताकद पुरवणारा पॉवर अ‍ॅम्प जोडला. सेकंड हँड, पण चांगल्या अवस्थेतला. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने बघितलेत, त्यामुळे नव्याची नवलाई ओसरल्यानंतरचं मत लिहितोय.

हळू आवाजात फरक काहीच नाही. रात्री दहानंतर, शेजाऱ्यांचा विचार करून मालिका बघताना रिसीव्हरचा स्वतःचा अ‍ॅम्प आणि हा, यातला कोणता चालू आहे ते मला ओळखता येत नाही. फरक पडतो तो आवाज चढवल्यावर. वादळाचा प्रसंग, मागे ढग गडगडतायत, पाऊस कोसळतोय आणि मधूनच कुणीतरी ओरडून बोलतंय, अशा ठिकाणी पूर्वी सेंटरमधला, म्हणजे संवादांच्या मधल्या स्पीकरमधला आवाज चिरकायचा, कानाला टोचायला लागायचा आणि हात आपोआप रिमोटकडे जायचा. आता तोच प्रसंग तेवढ्याच व्हॉल्यूमला निवांत ऐकता येतो. माझ्यासाठी पैसे वसूल झाले ते इथे.

यात रिसीव्हरला दोष नाही. त्याच्या कागदावर 105 वॉट लिहिलेत ते 8 ओमवर आणि दोनच चॅनेल चालू असताना. माझ्याकडे 5.1.4 ची मांडणी आहे (भोवतीचे पाच स्पीकर, स्वतःचा अ‍ॅम्प असलेला एक सबवूफर, छताचे चार), म्हणजे एकाच पॉवर सप्लायवर नऊ चॅनेल. आणि पुढचे तिन्ही स्पीकर 4 ओमचे. ओम जितके कमी, तितका स्पीकर जास्त करंट ओढतो. एमएम 8077 चे 150 वॉटही 8 ओमचेच आहेत. नुसते आकडे बघितले तर 105 वरून 150 म्हणजे जेमतेम दीड डेसिबल, रिमोटचं बटण तीनदा दाबावं एवढंच. त्या दीड डेसिबलसाठी कुणीही अ‍ॅम्प घेऊ नये. घ्यायचा तो कमी ओमच्या स्पीकरना लागणारा करंट पुरवायला आणि रिसीव्हरवरचं ओझं उतरवायला. आता पुढचे तीन आणि बाजूचे दोन स्पीकर अ‍ॅम्पवर आहेत, छताचे चार रिसीव्हरवर.

खरेदीआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा, हे मी कळकळीने सांगतो. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे 1 मीटरवर मिळणारा आवाज, 87 डेसिबल, पण ती 2.83 व्होल्टला. 4 ओमच्या स्पीकरमध्ये 2.83 व्होल्ट म्हणजे 1 नाही, 2 वॉट जातात. म्हणून 1 वॉटची खरी संवेदनशीलता 84 धरायची. सोफा 3 मीटरवर, म्हणजे साधारण साडेनऊ डेसिबल वाटेत गेले. सिनेमाच्या संदर्भ पातळीला, म्हणजे व्हॉल्यूम 0 ला, मुख्य चॅनेलचं शिखर 105 डेसिबलचं असतं. मी उणे 10 च्या वर जात नाही, म्हणजे मला 95 पुरे. हिशेब केला तर त्या शिखराला साधारण 110 वॉट लागतात. उणे 15 ला 36 च्या आसपास. आणि 0 ला? अकराशेच्या वर! भिंतींच्या परावर्तनामुळे खोलीत प्रत्यक्षात थोडं कमी लागतं, 80 हर्ट्झच्या खालचा भार सबवूफर उचलतो, तरी अंदाज येतो. तुमचे स्पीकर 8 ओमचे, 90 डेसिबलचे असतील आणि तुम्ही उणे 20 ला बघत असाल, तर वेगळ्या अ‍ॅम्पची गरज नाही. ते पैसे दुसऱ्या सबवूफरला घाला, फरक सगळ्या घराला कळेल.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हरच्या प्री-आउटमधून (बाहेरच्या अ‍ॅम्पसाठीचं आउटपुट) आरसीए केबल, रिसीव्हरबरोबर अ‍ॅम्प चालू-बंद करणारी ट्रिगरची एक बारीक वायर, झालं. अ‍ॅम्पला एक्सएलआर इनपुट आहेत, पण माझ्या रिसीव्हरला तसे आउटपुट नाहीत आणि मीटरभराच्या अंतराला गरजही नाही. केबल पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतल्या, साध्या पण चांगल्या शिल्डच्या. अ‍ॅम्प जोडल्यावर ऑडिसीचं, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज जुळवणाऱ्या रिसीव्हरमधल्या सोयीचं कॅलिब्रेशन नव्याने करायलाच हवं, कारण चॅनेलच्या पातळ्या बदलतात. अ‍ॅम्पचा गेनही, म्हणजे तो इनपुट किती वाढवतो ते, बघून घ्या. 29 डेसिबल गेन असेल तर 150 वॉटसाठी सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतो. 23 असेल तर जवळजवळ अडीच व्होल्ट लागतात, आणि ते प्रत्येक रिसीव्हर स्वच्छ देईलच असं नाही.

डोकेदुखी झाली ती घुंईची. अ‍ॅम्प लावल्या दिवसापासून सगळ्या स्पीकरमधून बारीक घुंऽऽ. एकेक वायर काढत गेलो. आरसीए काढल्या की शांत, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष. एचडीएमआय एकेक करून काढल्या, आणि सेट-टॉप बॉक्सची काढल्याबरोबर आवाज बंद. बॉक्सला गच्चीवरून येणारी केबल वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली होती. त्या केबलला अर्थची जोड तोडणारा छोटा आयसोलेटर लावला आणि प्रश्न मिटला. आमच्याकडे आलेल्या वायरमनने प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सुचवलं होतं. हे कधीही करू नका. घुंई जाईल, पण आत काही बिघडलं तर अ‍ॅम्पचा पत्राच हाताला करंट देईल.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो. त्यामुळे घरातला एमसीबी पडू शकतो. मी तो 16 अँपिअरच्या वेगळ्या पॉइंटवर, चालू होतानाचा झटका सोसणाऱ्या सी प्रकारच्या एमसीबीवर घेतला. इन्व्हर्टरच्या लाइनवर असा अ‍ॅम्प नकोच.

उष्णता मात्र मनावर घ्यावी लागते. हा क्लास एबी, म्हणजे जास्त तापणाऱ्या पारंपरिक रचनेचा आहे, नुसता चालू ठेवला तरी कोमट राहतो, आणि मे महिन्यात टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर भाजून निघाला असता. वर वीतभर मोकळी जागा सोडून उघड्या फळीवर ठेवलाय. आज नवा घेणार असाल तर हायपेक्स किंवा प्युरिफाय या कंपन्यांच्या मॉड्यूलवरचे, कमी तापणाऱ्या रचनेचे क्लास डी अ‍ॅम्प आधी बघा. हलके, थंड, आणि क्लास डीचा आवाज रुक्ष असतो ही जुनी समजूत त्यांना लागू पडत नाही. मी सेकंड हँडकडे वळलो ते दुरुस्तीच्या सोयीसाठी. असा क्लास एबी अ‍ॅम्प पुण्यातला जाणता कारागीरही उघडून बघू शकतो.

सेकंड हँड घेताना तीन गोष्टी तपासा. मागच्या पाटीवर 230 व्होल्ट लिहिलंय ना, कारण परदेशातून आणलेले 120 व्होल्टचेही बाजारात फिरत असतात. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करून प्रत्येक चॅनेलच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसीवर लावा. काही मिलिव्होल्ट ठीक, 50 च्या वर दिसले तर परत या. आणि तासभर चालवून प्रत्येक चॅनेल आलटून पालटून त्याच एका स्पीकरवर ऐका. मी हे विकणाऱ्याच्या घरी बसून केलं, त्यानेही आनंदाने करू दिलं. जो करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.