भिंतीवर कोणता महिना लावाल: काळ्या रेषांचा की ग्रीनअवेचा रंगीत?

व्हिक्टोरियन काळातलं कॅलेंडरचं पान फ्रेम करून लावायचं ठरवलंत, तर निवड बहुधा दोघांत येऊन थांबेल. एकीकडे ‘पंच’ किंवा ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या लंडनच्या साप्ताहिकांच्या अल्मनॅकमधली, म्हणजे त्यांच्या वार्षिक पंचांगातली, काळी-पांढरी पानं. दुसरीकडे इंग्रज चित्रकार केट ग्रीनअवेचे चिमुकले रंगीत अल्मनॅक. ते १८८३ ते १८९५ दरवर्षी निघाले, १८९६ चा खंड पडला आणि शेवटचा १८९७ चा आला.

रंगीत दिसलं की आपण शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून केलेली छपाई, धरून चालतो. पुण्याच्या चित्रशाळेच्या आणि रविवर्मा प्रेसच्या तसबिरींनी आपली नजर तशी घडवली आहे. ग्रीनअवेची पानं मात्र काळ्या-पांढऱ्यांसारखी लाकडावरच कोरलेली आहेत. लंडनचा मुद्रक एडमंड इव्हान्स एकेका रंगाला वेगळा ठसा कोरून घ्यायचा आणि एकावर एक छापायचा.

हे लाकूड म्हणजे बॉक्सवुड. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइकने ही पद्धत नावारूपाला आणली. फळी उभी न घेता खोडाचा आडवा छेद घ्यायचा, म्हणजे कोरणी तंतूंत अडकत नाही आणि केसाएवढी रेषही धरते. ठोकळ्याची उंची छापखान्यातल्या खिळ्यांएवढी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांएवढी, ठेवत. त्यामुळे तारखा आणि चित्र एकाच चौकटीत बसवून एकाच दाबात छापता येत. लाकडी ठसा आणि कॅलेंडर यांची जोडी जमली ती इथे. शिळाप्रेसचा दगड खिळ्यांच्या शेजारी असा बसवता येत नाही.

बॉक्सवुडचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत. जुन्या पानाकडे तिरप्या उजेडात बघा. कधी कधी आकाशातून आरपार गेलेली एक सरळ पांढरी रेघ सापडते. तो दोन तुकड्यांमधला सांधा! मला तो दोष वाटत नाही, उलट त्या पानावर माझा जीव जास्त जडतो. कोपऱ्यात ‘डॅल्झिएल’ किंवा ‘स्वेन’ अशी सही दिसली तर ती कोरणाऱ्यांची, चित्रकाराची नव्हे. जे पांढरं राहायला हवं तेवढंच ते काढून टाकत, म्हणजे बर्फ, धूर, खिडकीतला दिवा हे सगळं काळोखातून खोदलेलं.

भिंतीसाठी मी काळं-पांढरंच घ्या म्हणेन. चार-पाच फुटांवरूनही ते आपली जागा धरून राहतं. ग्रीनअवेचं पान तळहाताएवढं, रंग मऊ. तेवढ्या अंतरावरून त्यातल्या मुलींचे टोपडेही नीट दिसत नाहीत. शिवाय ते लावायचं म्हणजे पुस्तक उसवायचं, आणि ते कृपा करून करू नका. हातात घेऊन पान उलटायला मात्र त्याच्याइतकं गोड दुसरं काही नाही. लहान मूल घरात असेल तर तेच घ्या, अख्खं. साप्ताहिकांची पानं बाजारात बहुतेक आधीच सुटी झालेली मिळतात, त्यामुळे तिथे मनाला टोचत नाही.

घेण्याआधी भिंग लावा. लाकडी ठशात रेषा अखंड आणि धारदार दिसते. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती बहुधा आजची ऑफसेट प्रत, तिला जुन्याचा भाव देऊ नका.

मुंबई-कोकणात दमट हवा आणि कसर हे खरे शत्रू. पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर पान लावू नका, थेट ऊनही नको. आम्लरहित माउंट (पानाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. आणि फ्रेम मागून उघडता येईल अशीच करून घ्या. पाठीमागेही अनेकदा छपाई असते, आणि कुणाला सांगावं, तिथे त्या वर्षीच्या लंडनच्या सूर्योदयाच्या वेळा असतील.