कुत्र्याला घेऊन लांबचा ट्रेक: कात्रज–सिंहगड, राजगड–तोरणा की रतनगड–हरिश्चंद्रगड?

वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती असं सगळं पालथं घालून झालं, तरी घरी आल्यावर कुत्रं पुन्हा पट्ट्यापाशी जाऊन बसतं. मग ट्रेक करणाऱ्या घरांत एक विषय निघतोच: याला एखाद्या लांबच्या, एकामागून एक माथे घेणाऱ्या ट्रेकला न्यायचं का? पुण्याकडे अशा वेळी तीन नावं हमखास पुढे येतात: कात्रज–सिंहगड, राजगड–तोरणा आणि रतनगड–हरिश्चंद्रगड.

माणसासाठी तिन्ही उत्तम. कुत्र्यासाठी निवडताना मात्र मी अंतराकडे आणि उंचीकडे शेवटी बघते. धडधाकट, सवयीचं कुत्रं दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर आरामात चालतं आणि चढावर आपल्या आधी पोचून वर वाट बघत बसतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. वाटेत पाणी आहे का? शिडी किंवा हात लावून चढायचा कातळ आहे का? आणि हवा फिरली तर मधूनच खाली सटकता येतं का? ही तीन उत्तरं तिन्ही वाटांवर अगदी वेगवेगळी आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुत्रं उचलता येण्याजोगं असेल तर राजगड–तोरणा. तीस किलोचा लॅब्राडोर असेल तर कात्रज–सिंहगड, पण दिवसा आणि ऐन थंडीत. रतनगड–हरिश्चंद्रगडला कुत्रं न्यायचंच नाही.

कात्रज–सिंहगड

जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून सुरुवात, शेवट सिंहगडाच्या घाटरस्त्याला. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. टेकड्या तेरा म्हणतात, पण मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. शिडी नाही, दोर लावावा असा कातळ नाही. एक टेकडी चढायची, उतरायची, पुढची चढायची. चार पायांच्या प्राण्याला यात अवघड वाटावं असं काही नाही, आणि जड कुत्र्यासाठी हाच या वाटेचा सगळ्यात मोठा गुण.

अडचण पाण्याची. डोंगराच्या धारेवर भरवशाचं पाणी नाही आणि सावलीही नाही. कुत्र्याला नुसतं घरी बसून दिवसाला किलोमागे साधारण 50-60 मिली पाणी लागतं. चालताना त्याच्या दुप्पट धरावं. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याचं दोन-सव्वादोन लिटर, आपलं तीन-चार लिटर, आणि हे सगळं आपल्याच पाठीवर. कुत्र्यांना घालायच्या पिशव्या मिळतात, पण उतारावर त्या एका बाजूला कलंडतात आणि कुत्रं सारखं अंग झाडत राहतं. मला त्या पटलेल्या नाहीत.

ऊन टाळायला माणसं हा ट्रेक चांदण्या रात्री करतात. कुत्रं बरोबर असेल तर तो विचार सोडून द्यावा. सिंहगडाच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाद्य. अंधारात पट्टा सुटला की कुत्रं कुठल्या टेकडीमागे गेलं हे बॅटरीने शोधणं कठीण. म्हणून डिसेंबर-जानेवारीत चांगलं उजाडल्यावर निघायचं आणि दुपारचं ऊन तापायच्या आत शेवटच्या टेकड्यांवर असायचं, एवढीच सोय उरते.

उतारांवर मुरूम आणि घसारा आहे. कुत्रं इथे मागचे पाय रोवून, ढुंगण जवळजवळ जमिनीला टेकवत घसरत उतरतं, आणि तसं छानच उतरतं. त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक आपल्या कमरेला असेल तर आपणही त्याच्याच वेगाने उतरतो, फक्त तितके छान नाही. सपाटीवर कमरेचा पट्टा सोयीचा. उतार आला की तो सोडून हातात घ्यायचा आणि दोन माणसांचं अंतर ठेवायचं.

मधून सुटण्याचं म्हणाल तर दोन्ही अंगांना खाली वस्ती दिसते, पण गाव दिसणं आणि गावाची वाट सापडणं यांत फरक आहे. पायवाटा गवतात हरवतात. धार ओलांडणारा डांबरी रस्ता मध्ये कुठेच नाही. एकदा निम्म्यावर गेलात की पुढे जाणं आणि मागे फिरणं जवळजवळ सारखंच पडतं.

शेवटाकडे आणखी एक मजा असते. शांत डोंगरातून एकदम सिंहगडाच्या रस्त्यावर येतो. शनिवार-रविवार असेल तर गाड्यांची रांग, हॉर्न, भज्यांचा वास आणि माकडं. दमलेलं कुत्रं इथे बिथरतं. आखूड पट्टा शेवटच्या टेकडीवरच लावलेला बरा.

राजगड–तोरणा

माथे दोनच, पण मधली डोंगरधार दहा-बारा किलोमीटरची आणि चढउतार भरपूर. तोरणा 1,403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. माणसं हे एका लांब दिवसात करतात. कुत्र्यासह दोन दिवस धरावेत.

राजगडावर चढायला गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट जवळची, पण शेवटी कातळ आणि रेलिंग आहे. पाली गावाकडून पाली दरवाजाने वर या. पायऱ्यांची वाट आहे, लांब पडते, पण कुत्रं स्वतःच्या पायांनी थेट गडावर पोचतं. वर पद्मावती माचीवर तळं आहे, टाकी आहेत. पाण्याचा प्रश्न इथे कात्रजच्या मानाने निम्म्यावर येतो. तरी टाक्यातलं साचलेलं पाणी कुत्र्याला तसंच पाजू नये. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते आणि पाणी फिल्टरमधून काढून वाडग्यात द्यायचं. बालेकिल्ला सोडून द्यावा. चढ छातीवरचा आहे, माकडं आहेत, आणि माकडामागे धावलेलं कुत्रं कड्यापाशी थांबेलच याची खात्री नसते.

राजगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. कुत्र्याची विष्ठा पिशवीत भरून खाली आणायची, देवळात आणि तळ्यात कुत्रं न्यायचं नाही, हे पाटी लागायच्या आधीच पाळलेलं चांगलं. एकाने हलगर्जीपणा केला की उद्या सगळ्यांच्याच कुत्र्यांना बंदी येते.

संजीवनी माचीवरून, अळू दरवाजातून बाहेर पडलं की तोरण्याकडे जाणारी धार लागते. उताराचा पहिला भाग घसरडा. पुढे झाडी आणि मधूनमधून धनगरांची घरं. तिथली कुत्री राखणीची असतात, अंगावर येतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. आपलं कुत्रं पायाशी घ्यायचं आणि लांबूनच हाळी द्यायची, “ओ मामा, कुत्री आवरा जरा!” बहुतेक वेळा घरातून कुणीतरी बाहेर येतं आणि प्रश्न मिटतो. आपण काठी उगारली तर मात्र मिटत नाही.

मग येते या वाटेची खरी किल्ली: दोन गडांच्या मधल्या खिंडीत धारेला आडवा जाणारा डांबरी रस्ता. इथे गाडी बोलावता येते. राजगड झालेला असतो, तोरण्याचा अवघड भाग पुढे असतो, आणि ठरवायला शांतपणे बसता येतं. कुत्र्याच्या पायाच्या गाद्या अंगठ्याने दाबून बघायच्या. खरखरीतपणा जाऊन गुळगुळीत, गुलाबी भाग दिसत असेल, किंवा दाबल्यावर ते पाय ओढून घेत असेल, तर तोरणा पुढच्या वेळी. जीभ बाजूला लोंबत असेल, लाळ चिकट आणि घट्ट झाली असेल, सावलीत दहा मिनिटं बसूनही धापा कमी होत नसतील, तरीही तोरणा पुढच्या वेळी. आकाश काळवंडलं असेल तर एवढंही बघायची गरज नाही.

या खिंडीमुळेच दिशा राजगडाकडून तोरण्याकडे ठेवावी, उलटी नाही. बुधला माचीकडे चढताना कातळाचा टप्पा आणि लोखंडी शिडी आहे. कुत्र्याला शिडीवरून वर नेणं जमतं. खाली उतरवणं फार वाईट. पाठीवर मूठ असलेला हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवतीचा पट्टा, लागतो, गळ्यातल्या पट्ट्याला धरून कुत्रं उचलायचं नसतं. एकाने वर जाऊन मूठ धरायची, दुसऱ्याने खालून छाती आणि मागच्या मांड्यांखाली हात द्यायचा. त्या दोन-तीन मिनिटांत सगळ्यात प्रेमळ कुत्रंही घाबरून चावू शकतं, म्हणून तोंडाला मऊ जाळी लावायची. त्याची सवय आधी घरी करायची, शिडीखाली नाही. बारा-पंधरा किलोपर्यंत हे दोघांत होतं. वीसच्या पुढे तिसरा माणूस लागतो. तीस किलोचं कुत्रं घेऊन इथे येऊच नये.

तोरण्यावर मेंगाई देवीचं देऊळ, पाण्याची टाकी, मग पायथ्याच्या वेल्हे गावाकडे उतार. बिनी दरवाज्याच्या खालच्या कातळावर रेलिंग आहे ते माणसांच्या हातांसाठी. कुत्रं अशा जागी उडी मारायला बघतं. पट्टा आखूड, कुत्रं आपल्या मागे. थांबत थांबत उतरायचं. दिवसाचा शेवट असतो, सगळे दमलेले असतात आणि घाई इथेच होते.

रतनगड–हरिश्चंद्रगड

रतनवाडीतून रतनगड, कात्राबाईची खिंड, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. सह्याद्रीतल्या सगळ्यात देखण्या वाटांपैकी एक. पण ही सगळी वाट 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यातली. अभयारण्यात पाळीव कुत्रं घेऊन हिंडणं वनखात्याला मान्य नसतं, आणि त्याला कारण आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वन्यप्राण्यांना लागतो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. शिवाय अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला. इथे तंबूत मुक्काम करायचा आणि शेजारी कुत्रं बांधून ठेवायचं, म्हणजे बिबट्याला आवतण. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांचं तर अजून बोललोच नाही. “गावातली कुत्री जातातच की,” असं कुणी म्हणतं. ती तिथेच जन्मलेली असतात, आपलं सोफ्यावर झोपतं.

हवा

सह्याद्रीत हवा बदलते म्हणजे काय, हे महिन्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत भट्टी आणि चारनंतर वळीव, विजांसकट. कुत्र्याला घामाने अंग गार करता येत नाही, धापा टाकूनच ते उष्णता बाहेर टाकतं. त्याचं नेहमीचं तापमान 38-39 अंशांच्या आसपास असतं; 41 च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. या दोन महिन्यांत दोन्ही वाटा बंद समजाव्यात. ऑक्टोबरही फसवा: हिरवंगार दिसतं, हवा दमट असते, आणि संध्याकाळी गडगडाट होतो. कात्रजच्या उघड्या धारेवर वीज आली तर आडोसा नाही. राजगड–तोरण्यावर निदान झाडीत, धारेच्या खाली उतरता येतं.

पावसाळ्यात पारडं फिरतं. ऊन नसतं, कुत्री खूश असतात. पण कात्रजचा मुरूम चिखल होतो, आणि राजगड–तोरण्यावर पाऊस, वारा, धुकं एकत्र येतं. आखूड केसांचं बीगल किंवा डॉबरमन भिजून वाऱ्यात थांबलं की थरथरायला लागतं. ते चालत आहे तोवर ठीक, बसलं की गारठतं. कारवानी हे आपल्याकडचं सडपातळ शिकारी कुत्रं दमाने कितीही चालेल, पण अंगावर चरबी नाही, त्याचीही तीच गत. जाड पावसाळी झूल नेण्यापेक्षा एक मोठा कोरडा टॉवेल आणि जुना स्वेटर न्यावा. पावसात मी यांपैकी कुठलीच वाट पूर्ण करणार नाही. फार तर पालीहून राजगड चढून त्याच वाटेने परत.

हस्की आणि सेंट बर्नार्डवाल्यांनी थंडीतही उजाडल्यानंतरचे गार तास सोडू नयेत. पग, बुलडॉग, शिह् त्झू यांची नाकं अशा कामासाठी नाहीतच. मोठ्या जातीचं पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत सांधे पक्के होत नाहीत, तोवर त्याला टेकडीच बरी.

पिशवीत काय, आणि काय नाही

ट्रेकवरचं आपलं खाणं कुत्र्याच्या जिवावर उठणारं असतं हे फार जणांच्या लक्षात येत नाही. कांदेपोहे, पिठलं-भाकरीबरोबरचा कच्चा कांदा, सुक्यामेव्यातले बेदाणे, चॉकलेट: यांतलं काहीच द्यायचं नाही. गडावर लोक कौतुकाने भरवतात, त्यांना आधीच सांगायचं. पाय मुरगळला म्हणून आपल्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. चपाती, उकडलेलं चिकन किंवा अंडं, नेहमीचं कोरडं खाणं पुरतं. पोट भरून चालायला लावू नये, थोडं थोडं द्यावं.

एक घट्ट विणीची चादर मात्र न्यावीच. चारी टोकं धरून लंगडतं कुत्रं दोघांना खाली आणता येतं. खिंडीत किंवा वेल्ह्यात गाडी मिळाली तरी डॉक्टर गाठायला वेळ जातो. म्हणून निघायच्या आधी आपल्या पशुवैद्याला वार आणि वाट सांगून ठेवावी, आणि साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष त्यांच्याकडे मिळतं का हेही विचारून घ्यावं. धारेवरच्या दगडांत फुरसं असतं, गवतात घोणस.

वेल्ह्यात उतरल्यावर गाडीत बसवण्याआधी गोचीड बघायचे: कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, काखेत, शेपटीखाली. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचे, रॉकेल-बिकेल लावत बसायचं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे कुत्रं खाईनासं झालं, मलूल दिसलं किंवा हिरड्या पांढुरक्या वाटल्या, तर रक्त तपासायला न्यायचं आणि डॉक्टरांना ट्रेकचं आवर्जून सांगायचं.