दोनशे जणांची दाद की चौघांचं वाचन?

गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी मला एकच गोष्ट विचारली. कविता लिहितो, वहीत साठल्या आहेत, आता कुणाला दाखवू? मोठ्या काव्यसमूहात जाऊ की चार-पाच जणांचा छोटा गट धरू? तिघांनाही मी तुकड्यातुकड्यांनी उत्तर दिलं, म्हणून आता सलग लिहितो. दोन्हीकडे मी मनापासून राहिलो आहे. मोठ्या समूहात अडीच वर्षं होतो आणि छोट्या गटात त्याहून थोडा अधिक काळ झाला. त्यामुळे इथे जे आहे ते स्वतः अनुभवलेलं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हे धरूनच वाचा.

मोठ्या समूहाचं ऋण आधी सांगतो. मी बारा वर्षं कुणालाही न दाखवता लिहीत होतो. पहिली कविता समूहात टाकली त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी वीस-बावीस जणांनी ‘वा’, ‘सुरेख’, ‘लिहीत राहा’ असं लिहिलेलं होतं. त्या ‘लिहीत राहा’नं मला खरोखर लिहितं ठेवलं. ज्याच्या घरात कुणी कविता वाचत नाही, त्याला अनोळखी माणसाची एक दाद किती दिवस पुरते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. त्या दादेला कुणी वरवरची म्हणालं तर मला आजही वाईट वाटतं.

दुसरं ऋण वृत्ताचं. तिथे दर आठवड्याला काहीतरी उपक्रम असायचा. कधी अष्टाक्षरी, कधी भुजंगप्रयात, कधी दिलेल्या ओळीवर समस्यापूर्ती. जोडाक्षराच्या आधीचं लघु अक्षर गुरू होतं हे मी शाळेत शिकलो होतो, पण ‘सत्य’मधला ‘स’ गुरू आणि ‘तुझ्या’मधला ‘तु’ मात्र लघुच का, हे मला त्या समूहातल्या एका काकांनी तास-दीड तास समजावलं. आघात पडतो की नाही हे कानानं ऐकायचं असतं. शंभर जण एकाच वृत्तात लिहितात तेव्हा लय अंगात मुरते, एकट्यानं लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, मांडत बसून ती तशी मुरत नाही. हे बळ छोट्या गटात नसतं, ते मान्य करायला हवं.

मग तिथून मी का निघालो?

लोक साधारणपणे परतफेडीची तक्रार करतात. तुम्ही माझ्या कवितेला दाद द्या, मी तुमच्या. ते असतं खरं. रात्री अकराला, डोळे मिटत असताना, न वाचलेल्या कवितेला मीही ‘अप्रतिम’ लिहिलेलं आहे आणि त्याची मला लाज वाटते. पण तेवढ्यासाठी मी समूह सोडला नसता. कविता नाव गळून फॉरवर्ड होत फिरतात, त्याचाही त्रास झाला, तोही सोसला असता. माझा निर्णय एका लहानशा गोष्टीनं झाला.

पावसावर चार ओळींचं एक कडवं लिहिलं होतं, देवप्रिया वृत्तात. पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

पावसाने भिजवलेली वाट मागे राहिली
आणि हातातील छत्री कोरडीशी वाटली

कविता गाजली, म्हणजे आमच्या समूहापुरती गाजली. साठेक जणांनी दाद दिली. मला आनंद झाला, पण त्या कडव्यात काहीतरी खटकत होतं आणि ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. म्हणून मी समूहात विचारलं, “यातली नेमकी कोणती ओळ आवडली?” उत्तरं आली: “सगळीच.” “एकूण भावच सुंदर.” “पाऊस डोळ्यांसमोर उभा राहिला.” मी पुन्हा विचारलं, “कोणती ओळ कमी पडते?” त्यावर दोघांना वाटलं की मी खचलो आहे. त्यांनी मला धीर दिला. ती माणसं चांगली होती, आणि धीर देताना त्यांनी वेळ काढून लिहिलं होतं. पण मला हवी होती एक ओळ, आणि ती साठ जणांपैकी कुणी दिली नाही.

त्यानंतर प्रत्येक दादेपाशी मला तोच प्रश्न पडू लागला. कोणती ओळ? हा प्रश्न एकदा मनात आला की जात नाही. ‘अप्रतिम’ हा शब्द माझ्या कवितेखाली आणि तिच्या पुढच्या कवितेखाली सारखाच बसत होता. मी कविता बदलून टाकली असती तरी तो तसाच राहिला असता. आणि त्याहून वाईट असं, की दाद मिळालेली ओळ मला खोडवेना. कच्ची कविता साठ जणांनी उचलून धरली की ती तिथेच थिजते. पुढे तिच्यावर हात चालवणं म्हणजे त्या साठ जणांना खोटं पाडणं वाटतं. माझ्या तेव्हाच्या कितीतरी कविता अशा पहिल्या खर्ड्यातच अडकून राहिल्या आहेत, आणि त्याची खंत मला अजून आहे.

आता छोट्या गटाबद्दल. त्याचा जन्मही त्याच कडव्यातून झाला. तीन दिवसांनी समूहातल्या एका ताईंचा वेगळा मेसेज आला. समूहात त्या क्वचितच बोलत. त्यांनी लिहिलं होतं, “दादा, राग मानू नका. छत्री कोरडी आहे की कोरडीशी आहे? ते ‘शी’ मात्रा भरायला आलंय का?”

आलंच होतं. ‘कोरडी’ एवढ्यानं ‘गालगागा’ (‘गा’ म्हणजे गुरू, ‘ल’ म्हणजे लघु) पुरं होत नव्हतं, म्हणून मी ‘शी’ लावून दिला होता. भरीचा शब्द! खटकत होतं ते हेच. ‘शी’ला लागून ‘वाटली’ही आलं होतं, म्हणजे जे दिसायला हवं होतं ते नुसतं वाटत होतं. पुढचे आठ दिवस ती ओळ माझ्या डोक्यात होती. शेवटी ती अशी झाली:

आणि हातातील छत्री उघडली नाही कुणी

वृत्त तेच आहे, अक्षर एकही उसनं नाही. छत्री कोरडी आहे हे आता सांगावं लागत नाही, आणि वाटेवरून चालणाऱ्यात आणखी कुणीतरी आलं, जे मला आधी ठाऊक नव्हतं. चौथ्या ओळीचं यमक त्यापायी मोडलं आणि ते जुळवायला आणखी आठवडा गेला. एका ‘शी’बद्दलच्या प्रश्नानं मला जे दिलं, ते अडीच वर्षांच्या दादेनं दिलं नव्हतं. हे लिहिताना मी अन्याय करतोय की काय असं मनात येतं, पण माझ्यापुरतं ते असंच आहे.

पुढे त्या ताई, आणखी दोघे आणि मी, असा चौघांचा गट झाला. नियम दोनच ठेवले. आधी ओळ उद्धृत करायची, मग बोलायचं. आणि दुसऱ्याची ओळ स्वतः लिहून द्यायची नाही, कुठे अडखळलो ते सांगायचं. दुसरा नियम पाळणं अवघड जातं. ‘इथे चांदणे घ्या’ असं सुचवायला जीभ शिवशिवते, पण तसं केलं की कविता हळूहळू चौघांची होऊन बसते. दुरुस्त करून देणारा एक जाणता असण्याची परंपरा वेगळी. गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला टपालानं मागवून दुरुस्त करून परत धाडत, हरगोपाल तफ्ता त्यांतलेच एक. तसा उस्ताद लाभला तर या लेखाची तुम्हाला गरजच नाही. बरोबरीच्या माणसांनी मात्र उस्तादाची जागा घेऊ नये, असं मला वाटतं.

छोट्या गटाचा दाखला आपल्याकडे चांगलाच जुना आहे. 1923 साली पुण्यात सुरू झालेलं रविकिरण मंडळ जेमतेम आठ जणांचं होतं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकत. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, ती म्हणजे सगळे एका साच्याचे नव्हते. माधव जूलियन यांचा छंदशास्त्राचा अभ्यास एवढा की पुढे त्यांनी ‘छंदोरचना’ हा ग्रंथ सिद्ध केला. मंडळातलेच दिवाकर तर ओळखले जातात ते नाट्यछटांसाठी. म्हणून आमच्या गटातही कविता न लिहिणारा एक जण आहे. तो कथा लिहितो. “हे कोण बोलतंय?” हा त्याचा नेहमीचा प्रश्न, आणि आम्हा तिघांना तो कधीच सुचला नसता.

छोट्या गटाचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते बारीक नाहीत. पहिला दोष वेळेचा. कविता पाठवली की कधी चार दिवस, कधी दहा दिवस काहीच येत नाही. समूहाची सवय असलेल्याला ही शांतता नकारासारखी वाटते. पहिले दोन महिने मी दर तासाला फोन बघायचो. दुसरा असा, की वर्षभरात आमच्या कविता एकमेकींसारख्या दिसू लागल्या. ओळी आखूड झाल्या, विरामचिन्हं गेली, शेवट अर्धवट सोडायची खोड तिघांनाही लागली. आम्हाला ते कळलं नाही. बाहेरच्या एका मित्रानं दोघांच्या कविता एकाच कवीच्या समजून वाचल्या, तेव्हा लक्षात आलं.

तिसरा दोष मला सगळ्यात जड जातो, कारण तो माझ्या हातून घडला. गटातल्या एकीनं आईवर कविता पाठवली होती. मी लिहिलं, “हे पत्र आहे, कविता नाही.” मला ते अचूक वाटलं होतं. तिनं पुढचे चार महिने काहीही पाठवलं नाही. मोठ्या समूहात असं एखादं वाक्य साठ ‘वा’मध्ये बुडून जातं. चौघांत ते बुडत नाही, कारण तिथे तीनच आवाज असतात आणि त्यांतला एक माझा होता. नंतर मी माफी मागितली आणि ती परतही आली. पण तेव्हापासून मी ‘हे काय आहे’ असं सांगत नाही, ‘मी कुठे थांबलो’ एवढंच सांगतो. उलट, आवडलेली ओळ मात्र न चुकता लिहितो. प्रोत्साहन मोठ्या समूहाचीच मिरास आहे असं नाही. “पाचवी ओळ मी तीनदा वाचली” यात जो धीर आहे तो ‘अप्रतिम’मध्ये मला कधी मिळाला नाही.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा, झटकन सांगतो. बरीच मासिकं आणि अंक अप्रकाशित कविता मागतात, आणि खुल्या समूहात टाकलेली कविता काही संपादक प्रकाशित धरतात. कविता कुठे पाठवायची असेल तर आधी त्यांचा नियम वाचा. चौघांत फिरलेल्या कवितेला ही अडचण सहसा येत नाही.

मग कुणी काय निवडावं? वही अजून कुणालाच दाखवली नसेल तर मोठ्या समूहात जा, निःशंक जा. सहा महिने, वर्ष, जेवढं लागेल तेवढं राहा. वृत्तं शिका, दाद घ्या, भीड मोडू द्या. ज्याला छंद म्हणून, दिवसभराच्या कामानंतर चार माणसांत बसल्यासारखं वाटावं म्हणून लिहायचं आहे, त्यानं तिथेच रमावं, त्यात काही उणं नाही. पण कविता टाकून झाल्यावर ‘कोणती ओळ?’ हा प्रश्न तुम्हालाही पडू लागला असेल, तर माझं मत छोट्या गटाकडे झुकतं, आणि बरंच झुकतं. दोन्ही ठेवायचे असतील तर क्रम मात्र पाळा. कच्चा खर्डा आधी चौघांत, पक्की झालेली कविता मग समूहात. उलट केलं की ओळ थिजते, ते वर सांगितलंच.

कविता पाठवताना सोबत काय विचारायचं, यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी एप्रिल 1862 मध्ये हिगिन्सन नावाच्या लेखकाला चार कविता पाठवल्या, तेव्हा विचारलं होतं की ही कविता जिवंत आहे का. चांगली आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. ‘कशी वाटली?’ला ‘छान’ हेच उत्तर येतं. ‘दुसऱ्या कडव्यात लय अडते का?’ विचारलं तर समोरच्याला दुसरं कडवं पुन्हा वाचावंच लागतं.

राहता राहिला प्रश्न चार माणसं आणायची कुठून याचा. मला ती मोठ्या समूहातच मिळाली, तुम्हालाही बहुधा तिथेच मिळतील. फार बोलणाऱ्यांकडे बघू नका. दाद देताना जो तुमची ओळ जशीच्या तशी लिहून मग बोलतो, किंवा दोन दिवसांनी वेगळा मेसेज करून एखाद्या अक्षराबद्दल विचारतो, त्याचं नाव वहीत टिपून ठेवा. आणि त्याची एखादी कविता आली की तुम्हीही आधी ओळ लिहा, मग तिच्याबद्दल विचारा.