एफएम२ घ्यायला गेलो आणि एफ८० घेऊन आलो (७०-३०० लेन्स आणि एसबी-२८ फ्लॅश सकट रिव्ह्यू)

तर झालं असं की डिजिटलवर वापरायची निकॉनची ७०-३०० व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर धरणारी) लेन्स माझ्याकडे आधीपासून होती, २००६ ला आलेली ती एएफ-एस जी वाली, आणि डोक्यात किडा शिरला की यंदाच्या थंडीत नांदूरमधमेश्वरला फिल्मचा रोल टाकूनच पक्ष्यांचे फोटो काढायचे. बॉडी कुठली तर निकॉनचाच जुना एफएम२, दुसरं काही मनातच नव्हतं, मेटल बॉडी, सेल संपला तरी शटर चालू, आणि गळ्यात अडकवून नाशिकच्या कॉलेज रोडला चहा प्यायला गेलं तरी चार जण विचारतात. एमजी रोडच्या बाजूच्या एका गल्लीत जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे एक होता, सत्तावीस हजार सांगितले. मी ट्रायल घ्यायला म्हणून लेन्स बॅगेतून काढली तर काका हसायलाच लागले. "हिला रिंग कुठंय रे?"

सगळी गोम तिथेच आहे. 'जी' प्रकारच्या लेन्सला ॲपर्चरची (उजेड आत येतो त्या भोकाची) रिंगच नसते, किती उघडायचं ते बॉडीने सांगायचं, आणि एफएम२ म्हणजे १९८२ चा मेकॅनिकल गडी, त्याला ते सांगता येत नाही. लेन्स बसते अगदी नीट, पण क्लिक केलं की सरळ सगळ्यात बारीक ॲपर्चरला जाते. ऑटोफोकस नाही, व्हीआर नाही. पहाटेच्या धुक्यात काय कप्पाळ फोटो येणार.

मग काकांनी खालच्या ड्रॉवरमधून निकॉनचाच दुसरा फिल्म कॅमेरा, एफ८०, काढला. २००० सालचा, प्लॅस्टिकचा, दिसायला अगदीच लग्नातल्या फोटोग्राफरच्या असिस्टंटच्या हातातला वाटतो. साडेसात हजार. लेन्स लावली, अर्धं बटण दाबलं, आणि व्ह्यूफाइंडरमधली समोरच्या दुकानाची पाटी हलायची थांबली, तरंगल्यासारखी स्थिर झाली. व्हीआर चालू! फिल्म कॅमेऱ्यावर! मी तिथेच गार.

(याआधी ऑनलाइन एका सेलरकडून एक बॉडी मागवून हात पोळून घेतलेत. मागचं रबर चिकट झालेलं, मिररजवळचा फोम भुगा होऊन पडत होता, आणि फोटोत सगळं मिंट कंडिशन. तेव्हापासून बॅक उघडून, उजेडाकडे धरून, सगळे शटर स्पीड वाजवून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.)

नांदूरमधमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेचा संगम, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. निफाडची थंडी काय असते ते वेगळं सांगायला नको. चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटेच जाऊन बसलो, ४०० आयएसओचा रोल, ३०० एमएमला लेन्स एफ ५.६ च्या वर उघडत नाही, म्हणजे बराच वेळ शटर १/१२५ सेकंदाच्या पुढे जाईना. हात हलला तर व्हीआर सांभाळून घेतो पण पक्षी हलला तर तो काय करणार, त्यामुळे उडणारं सगळं सोडून दिलं आणि चिखलात उभी असलेली एक जांभळी पाणकोंबडी धरून बसलो. फोकसला मधलाच पॉइंट वापरा, कडेचे धुक्यात नुसते पुढेमागे होत बसतात. छत्तीसमधले चार फोटो चांगले आले, माझ्या हिशोबाने भरपूर.

व्हीआर बॉडीच्याच बॅटरीवर चालतो हे मात्र लक्षात ठेवा. दोन सीआर१२३ए लागतात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाहीत, आणि थंडीत लवकर मान टाकतात. एक जोडी खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची.

आता फ्लॅश, इथे मी स्वतःच माती खाल्ली. मित्राचा एसबी-७०० आणला, नवा म्हणजे चांगलाच असणार. लावला, पेटला, पण टीटीएल (कॅमेऱ्याने उजेड मोजून फ्लॅश आपोआप कमी-जास्त करणं) गायब, नुसता मॅन्युअल. फिल्म बॉडीचा टीटीएल फिल्मवर पडून परत येणारा उजेड मोजतो, ती पद्धत एसबी-८०० आणि एसबी-६०० पर्यंतच होती, पुढच्यांत काढून टाकली. म्हणून १९९७ चा एसबी-२८ घेतला, चार हजारात. डिजिटलवर त्याचा टीटीएल चालत नाही म्हणून कोणी विचारत नाही आणि म्हणूनच स्वस्त. सेलचा कप्पा उघडून हिरवट बुरशी बघा, बाकी दणकट आहे.

रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीवर (रंगाच्या पाण्याने भरलेला जमिनीतला हौद) एका ओळखीच्या घराच्या गॅलरीतून वापरला. खाली पोरं रहाडीत धप्पा (उड्या) मारतायत, गल्लीत सावली, ॲपर्चर ११, सहा-सात मीटरवर चेहरे मस्त उजळले, पाण्याचे थेंबसुद्धा गोठले. पण ऊन आलं की गोची. एफ८० चा फ्लॅश सिंक (फ्लॅश लावून शटर जास्तीत जास्त जितकं वेगात चालतं ते) १/१२५ च, ४०० च्या रोलवर उन्हात ॲपर्चर २२ च्याही पुढे न्यावं लागतं आणि मग फ्लॅश हाकेच्या अंतरावरसुद्धा पोचत नाही. निकॉनच्याच एफ१०० ला १/२५० मिळतो, तो साध्या पेन्सिल सेलवरही चालतो, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. पक्ष्यांवर फ्लॅश मारू नका, हे सांगायला लागू नये.

अजून एक, भावाने त्याच्या नव्या किटमधली एएफ-पी ७०-३०० देऊ केली होती. या बॉडीवर ती फोकसच करत नाही, हातानेसुद्धा नाही. नाव जवळपास सारखं बघून घेऊ नका.

एफएम२ अजून काकांच्या काचेत आहे. रोल घ्यायला गेलो की हातात घेतो, दोनदा शटर वाजवतो, काका "रिंगवाली लेन्स आणली का?" विचारतात आणि मी परत ठेवतो.