सार्वजनिक गोल्फ कोर्सवरचे आठ महिने: जाण्याआधी एक फोन जरूर करा

गेले आठ महिने मी जवळच्या सार्वजनिक गोल्फ कोर्सवर खेळतोय. बहुतेक वेळा ९ होल, महिन्यातून एकदा पूर्ण १८. सदस्यत्वाची अट नाही. वेळ आरक्षित करायची, शुल्क भरायचं, खेळायचं.

पहिल्या महिन्यात मी नुसतं आरक्षण करून पोचलो. पहिल्याच ग्रीनवर, म्हणजे होलच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बघतो तर सगळीकडे बोटाएवढी भोकं आणि वर वाळू पसरलेली. एअरेशन झालं होतं. घट्ट बसलेली माती मोकळी व्हावी, मुळांना हवा-पाणी मिळावं म्हणून ते अधूनमधून करावंच लागतं. पण त्यानंतर काही आठवडे पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा हलका फटका) सरळ जात नाही, चेंडू टणाटण उड्या मारतो. आरक्षण घेताना कोणी सांगितलं असतं तर मी दुसरा दिवस निवडला असता, ही माझी खरी तक्रार आहे. तेव्हापासून आधी फोन करून तीन गोष्टी विचारतो: एअरेशन कधी झालं, त्या दिवशी स्पर्धा आहे का, आणि ओल असल्यामुळे कार्ट फक्त रस्त्यावरूनच न्यायची आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर रस्त्यापासून चेंडूपर्यंतच्या खेपांत बराच वेळ जातो, तो हिशेबात धरा.

साधारण दर आठ-दहा मिनिटांनी एक गट सुटतो. अठरा होलना चार-साडेचार तास लागतात, नऊला दोन-सव्वादोन. अगदी पहाटेची वेळ शांत असते, पण दवामुळे ग्रीन संथ होतं, पट थोडा जोरात मारावा लागतो. अर्धा तास आधी पोचा आणि तो वेळ सरावाच्या ग्रीनवर घालवा. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पूर्ण होणं अपेक्षित असलेल्या, कोर्सवर दर ग्रीनला दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके तिथलेच.

एकट्याने जायला मी फार बिचकत होतो. स्टार्टरने (गट सोडणाऱ्या माणसाने) तिघांच्या गटात जोडून दिलं आणि सांगितलं, ‘पुढच्या टीवरून मारा,’ म्हणजे पहिला फटका खळग्याच्या जास्त जवळच्या जागेवरून. ऐकलं ते बरं झालं. मागच्या टीवरून जी पार ४ मला पाच फटक्यांतही जमत नव्हती, ती आवाक्यात आली. तुम्ही किती फटके घेता याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं. खेळ रेंगाळला मात्र की मागचे सगळे गट खोळंबतात. चेंडू हरवला तर शोधायला तीनच मिनिटं. २०१९ आधी पाच होती. हरवला असं वाटलं तर जागेवरूनच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) सांगून दुसरा मारावा, परत मागे चालत यावं लागत नाही.

त्या दिवशी गटातले एक काका माझा चेंडू ग्रीनवर जिथे आदळला तिथे गुडघ्यावर बसले. खड्ड्याच्या कडेला दोन दातांचा छोटा काटा खुपसून त्यांनी गवत चहूबाजूंनी मध्याकडे ढकललं. ‘खालून उचकटायचं नाही, मुळं तुटतात,’ म्हणाले, आणि पट मारायच्या काठीने, पटरने, हलकेच थोपटून जागा सपाट केली. खूण शोधूनही सापडेना! तेव्हापासून माझा खड्डा बुजवून झाला की शेजारचा आणखी एक मी बुजवतो.

उणिवाही आहेत. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यांत) वाळू कमी, पार ३ च्या टीवरचं गवत झिजलेलं, पावसानंतर सखल भागात दोन-दोन दिवस पाणी. तरी मी दुसरीकडे जाणार नाही, इतकी तिथली माणसं आपली वाटतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच विकत घेऊ नये, भाड्याचा पुरतो. नियमाने १४ क्लब चालतात. मी आजही सातच नेतो, त्यामुळे पिशवी खांद्यावर घेऊन नऊ होल आरामात चालून होतात.