गुलमर्गचं हॉटेल: पीआरला पाचपैकी पाच, बाकीचं वाचा

मी स्वतः पुण्यात पीआरमध्ये (म्हणजे जनसंपर्कात) आहे त्यामुळे स्की रिसॉर्टवाल्यांचे बर्फाचे फोटो बघितले की पहिला प्रश्न, हा फोटो कधीचा? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, तपकिरी उतारांचे फोटो सगळीकडे फिरत होते, तेव्हा तिथल्या पीआरवाल्यांची काय गत झाली असेल ते मीच जाणे 😅

पण या हॉटेलची पीआर बघणारी मुलगी खरंच भारी. बुकिंगआधी बर्फ किती विचारलं तर ब्रोशर नाही पाठवलं, बाहेर जाऊन दारातल्या बाकावरच्या बर्फात पट्टी खुपसून व्हिडिओ केला, वर म्हणाली सर गोंडोलाची (म्हणजे तिथली केबल कार) तिकिटं ऑनलाइन आधीच काढा आणि तिचा वरचा टप्पा, फेज टू, जोराचा वारा असला की बंद ठेवतात, एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका. फेज टू अफरवट डोंगराकडे, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो, तिथून खालचे उतार नवख्यांसाठी नाहीत हेही तिनेच न विचारता सांगितलं. गिऱ्हाईक हातचं जाईल असं कोण सांगतं हो! आम्ही आपले खाली गोल्फ कोर्सजवळच्या सपाटीला धडपडलो, मजा आली.

रूम बऱ्या, हीटर रात्री रुसतो, राजमा चावल झकास. स्कीचे बूट मात्र हॉटेलने सुचवलेल्या दुकानातून घेऊ नका, ओले होते आणि एक बक्कल तुटकं, पैसे पूर्ण घेतले. तिला कळवलं तर तासाभरात दुसरी जोडी रूमवर हजर.